खडकातली गायिका

ओर्सोला ब्रकेत्ती लिंडेनरोडा या जर्मन राज्याच्या दरबारात गायिका म्हणून आली, त्या दिवशी तिची आई मेनिका गाडीतून खाली उतरायलाच तयार नव्हती. इटलीतल्या बोलोन्यापासून दोघी धक्के खात आल्या होत्या. आल्प्सच्या उतारावर गाडीचं चाक निखळलं होतं आणि मेनिकाच्या मांडीवरचं भलंमोठं चीज टोपलीतून निसटून बर्फावरून घरंगळत दरीत गेलं होतं. एवढं सोसून पाहायला काय मिळालं, तर कोबीच्या शेतांमधोमध एक पिवळा राजवाडा आणि त्याच्या पायरीवर हसत उभा असलेला एक लठ्ठ सरदार.

"हे राज्य?" मेनिका म्हणाली. "आपल्याकडे एवढ्या जागेत बिशपची बाग असते."

"आई, उतर. लोक बघताहेत."

"बघू देत की. मीही बघतेय. इथं एक द्राक्षाचा वेल दिसेल तर शपथ."

लठ्ठ सरदार म्हणजे बॅरन फोन ट्रॉटनाऊ. दरबारातली नाटकं, आतषबाजी, शिकार आणि बर्फावरच्या घसरगाड्या हे सगळं एकट्या त्याच्या ताब्यात होतं. त्याने कधी कशाला वाईट म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गाडीत बसून राहिलेल्या म्हातारीलाही तो म्हणाला, "वा, किती ऐटीत बसल्यात." मग मात्र मेनिका उतरली.

पुढची सहा वर्षं ओर्सोलाने तिथे काढली. तशी तक्रार करायला जागा नव्हती. राजवाड्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, जळण, मेणबत्त्या, वेळेवर पगार. वाद्यवृंदाचा प्रमुख त्सॉबेल, ज्याला सगळे जर्मन रीतीने 'हेर' म्हणजे श्रीयुत म्हणत, हा जाणता माणूस होता. तो दरवर्षी तिच्या गळ्याला शोभेलसं एखादं नवं संगीत नाटक रचायचा आणि तालमीत तिची तान ऐकताना डोळे मिटून घ्यायचा. अडचण होती ती ड्यूक लेबरेख्त महाराजांची.

महाराजांनी गायिका ठेवली होती, कारण शेजारच्या एशेनफेल्डच्या राजाने एक ठेवली होती. गाण्यातलं त्यांना फक्त एक आवडायचं. पदाच्या शेवटी वाद्यं थांबायची आणि ओर्सोला एकटी वर चढत जाऊन शेवटच्या दोन सुरांवर लांबलचक गिरकी घ्यायची, ती गिरकी. ती सुरू झाली की महाराज खिशातलं घड्याळ काढायचे. जेवणानंतर पाहुणे बसलेले असले की ते तिला बोलावून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाई, ती गिरकी."

"महाराज, त्याआधी पद आहे. राणीचा मुलगा बुडालेला आहे, ती किनाऱ्यावर..."

"तो मुलगा राहू द्या. गिरकी घ्या."

ती घ्यायची. महाराज घड्याळ पाहायचे आणि पाहुण्यांकडे अशा नजरेने बघायचे, जणू ती गिरकी त्यांच्याच कारखान्यात तयार झाली होती.

सहाव्या वर्षी उन्हाळ्यात तुरीनच्या नाट्यगृहाचा एक माणूस त्या रस्त्याने चालला होता. त्याने ओर्सोलाचं गाणं ऐकलं आणि तिथल्या तिथे तिला पुढच्या वर्षीच्या हंगामासाठी विचारलं. पहिल्या नायिकेची भूमिका. ओर्सोला चौतिशीत होती. आवाज अजून भरात होता, पण तो किती वर्षं तसा राहील ते देवालाच ठाऊक. ती त्याच संध्याकाळी महाराजांना भेटायला तबेल्यात गेली. महाराज एका घोड्याचे दात बघत होते.

"महाराज, मला जायची परवानगी हवी आहे."

"कुठे?"

"तुरीनला. कायमची."

महाराज मोठ्याने हसले. "बाई, मी माझा सगळ्यात चांगला घोडा विकतो का?"

"मी घोडा नाही, महाराज."

"तेच तर. घोडा असतात तर विकलाही असता. घोडे माझ्याकडे पुष्कळ आहेत."

करारात लिहिलंच होतं, 'महाराजांची मर्जी असेपर्यंत'. सहा वर्षांपूर्वी हे शब्द तिला गोड वाटले होते. आता तेच गळ्यात अडकले. परवानगीशिवाय राज्याची हद्द ओलांडली तर शिपाई परत आणतात, आणि मागे एका सनईवाल्याला तसं आणून किल्ल्यात कोंडलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आवाज गेला म्हणून सांग," मेनिकाने सल्ला दिला. "मुक्या गायिकेला कोण पोसेल?"

दुसऱ्या दिवसापासून ओर्सोला कुजबुजत बोलू लागली. महाराजांनी काळजीने आपला खास वैद्य पाठवला. त्याने गळ्याला जळवा लावल्या. मग बडीशेपेचा वाफारा दिला. तरी आवाज येईना, तेव्हा त्याने बदकाच्या चरबीत भिजवलेला एक लोकरी मोजा तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. मोजा धडधाकट घोडेस्वाराच्या पायातून नुकताच काढलेला असावा लागतो, त्याची ऊब महत्त्वाची, असं त्याने समजावून सांगितलं. ओर्सोलाने तोही सहन केला. पण सकाळी वैद्यबुवा नवा, ताजा मोजा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा तिच्या तोंडून आपोआप खणखणीत आवाज निघाला, "नको, मला बरं वाटतंय."

महाराजांनी वैद्याला चांदीचा पेला बक्षीस दिला.

मग तिने ठरवलं, वाईटच गायचं. राणीसाहेबांच्या वाढदिवसाला ती सगळ्या दरबारासमोर उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून सुराच्या किंचित वर गायली. इतकी किंचित, की कानात खडा गेल्यासारखं वाटावं. मधे दोनदा तालही सोडला. गिरकी तर तिने अशी घेतली, जणू कुणी बोका पाण्यात टाकला होता. महाराजांनी घड्याळ पाहून मान डोलावली. टाळ्या पडल्या. बॅरन लगबगीने पुढे आला.

"सिन्योरा, ही नवी इटालियन पद्धत ना? अंगावर शहारे आले बघा."

"तुम्हाला आवडली?"

"आवडली म्हणजे काय. मी मघाशीच म्हटलं, हे काहीतरी उच्च आहे."

आठवडाभरात राणीसाहेबांच्या सख्या तशाच सुरात गाऊ लागल्या. एकट्या हेर त्सॉबेलने तिला जिन्यात गाठलं. त्याच्या चेहऱ्यावर दात उपटून घेऊन आल्यासारखी कळा होती.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही जे केलंत ते फार अवघड आहे. इतकं मोजूनमापून बेसूर गायला हयात जावी लागते. पण मी म्हातारा माणूस आहे. पुन्हा नका करू."

त्या रात्री ओर्सोला रडली. मेनिका तिच्यासमोर पीठ मळत बसली होती.

"रडतेस काय? बॅरनने शाल पाठवलीय."

"आई, सहा वर्षं मी जीव ओतून सुरात गायले. त्यांना फरकच कळत नव्हता गं."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मेनिका म्हणाली. "जे लोक कोबीत शहाजिरे घालतात, त्यांच्याकडून तुझी काय अपेक्षा होती?"

मेनिकाला जर्मन भाषा धड येत नव्हती, तरी राजवाड्यातली एकही बातमी तिच्या हातून सुटत नसे. इस्त्री करणाऱ्या बाईशी तिची गट्टी होती. एक इटालियनमध्ये बोलायची, दुसरी जर्मनमध्ये, आणि दोघींना सगळं समजायचं. तिच्याकडूनच एक दिवस मेनिकाला कळलं, की राणीसाहेब केस विंचरून घेताना दार लावून गातात.

"मग?" ओर्सोलाने विचारलं.

"मग काय? अगं, तू जाऊन सांग, तुमच्या गळ्यात हिरा आहे. शिकव. रंगभूमीवर उभी कर. स्वतः राणीसाहेब नायिका झाल्या, की तुझी गरज कुणाला? आणि शेजारी तू उभी असलीस तर त्यांना चालेल का? आठ दिवसांत आपल्या पेट्या गाडीवर चढतील, बघ."

ओर्सोलाला हे फारसं पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. ती राणीसाहेबांना भेटली आणि शिकवायची तयारी दाखवली. एर्डमूट राणीसाहेब उंच, सडसडीत होत्या आणि पटकन लाजायच्या. लाजल्या की मानेपर्यंत लाल होत. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या इथे आल्या. महाराज त्यांच्याशी प्रेमाने वागायचे, पण बोलायचे ते कुत्र्यांविषयी.

"मी गाते हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"राणीसाहेब, भिंतींनाही कान असतात आणि काही भिंतींना बरं गाणं आवडतं."

राणीसाहेब मानेपर्यंत लाल झाल्या. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी ओर्सोला चकित झाली. मधल्या पट्टीत राणीसाहेबांचा आवाज खरंच छान होता. लहानसा, उबदार, चुलीजवळ ठेवलेल्या दुधासारखा. पण वर जाऊ लागला की जुन्या कपाटाचं दार उघडल्यासारखा करकरायचा आणि मग बंदच व्हायचा. ओर्सोला मधल्या सुरांचं मनापासून कौतुक करायची आणि वरच्या सुरांविषयी काही बोलायची नाही. राणीसाहेब मात्र रोज वही न बघता कालचा धडा म्हणून दाखवायच्या, तिने थांब म्हटलं की थांबायच्या, पुन्हा म्हण म्हटलं की दहादा म्हणायच्या. सहा वर्षांत ओर्सोलाला इतकं मन लावून ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं.

"आई, मला लाज वाटते," एकदा ती म्हणाली. "बाई भाबडी आहे. मी तिला फसवतेय."

"फसवतेस कसली? फुकट शिकवतेस. तुझ्या बापाने मला फुकट काही शिकवलं नाही."

हिवाळा सरताना राणीसाहेबांनी जाहीर केलं, की महाराजांच्या वाढदिवसाला त्या स्वतः नायिका म्हणून उभ्या राहणार. हेर त्सॉबेलने 'फिलान्द्रा' नावाचं नवं नाटक रचलं होतं. बेटावरची राणी फिलान्द्रा, समुद्रात हरवलेला नवरा, खडकावर उभं राहून त्याला हाक मारणारी ती. एशेनफेल्डचे राजेसाहेब आणि त्यांची पत्नी, दोघांना निमंत्रण गेलं. इकडे मेनिकाने पेट्या बाहेर काढल्या आणि तांब्याची भांडी इस्त्रीवालीला देऊनही टाकली.

आणि राणीसाहेबांनी ओर्सोलाला बोलावणं धाडलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला वरचे सूर येत नाहीत."

ओर्सोलाने तोंड उघडलं.

"काही म्हणू नका. सबंध हिवाळाभर तुम्ही ते बोलायचं टाळलंत. मी गाऊ शकत नसेन, पण मला ऐकू येतं. तुम्ही त्या दिवशी माझ्या वाढदिवसाला मुद्दाम बेसूर गायलात, तेही मला ऐकू आलं होतं. का, ते विचारलं नाही."

ओर्सोला उठून उभी राहिली. "राणीसाहेब..."

"राग नाही आला. हसू आलं. त्या सख्या अजून तशाच गाताहेत." राणीसाहेब खरंच हसत होत्या. मग गंभीर झाल्या. "मधलं सगळं मी म्हणेन. वरचं तुम्ही म्हणा. खडक पोकळच असतो. तुम्ही आत बसा. मी हात वर केला की सुरू करा."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पुढच्या वर्षी दुसरं नाटक. तुम्ही आहात तोवर मला काय काळजी? आता तुम्हाला मी कुठेही जाऊ द्यायची नाही."

ओर्सोला खोलीवर परतली आणि पेटीवर बसली. मेनिकाने सगळं ऐकून घेतलं.

"भांडी परत मागायला हवीत," ती म्हणाली.

खडक लाकडी पट्ट्या आणि किंतान ठोकून बनवला होता. वर राखाडी रंग, खाली शेवाळासाठी हिरवा. आत सरसाचा असा दर्प, की पहिल्या तालमीला ओर्सोलाला शिंका आवरेनात. मेनिका म्हणाली, मुलीला एकटीला त्या भोकात बसू देणार नाही, आणि शाल, पाण्याचा तांब्या घेऊन तीही आत शिरली. जागा इतकी अपुरी, की बाहेर पाहायच्या भोकाशी एकीलाच बसता यायचं. तिथे मेनिका बसली. ओर्सोला तिच्या मागे स्टुलावर. गाताना ती डोळे मिटायची, त्यामुळे राणीसाहेबांचा हात वर गेला की आईने चिमटा काढायचा असं ठरलं. चिमटा म्हणजे गा. थांबण्यासाठी काही खूण हवी हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तान संपली की गायिका आपोआप थांबतेच.

वाढदिवसाच्या दिवशी नाट्यगृहात जागा नव्हती. पहिल्या रांगेत महाराज, त्यांच्या शेजारी एशेनफेल्डचे राजेसाहेब, पलीकडे त्यांची पत्नी. ती आधीच जांभई दाबत होती. राणीसाहेब खडकावर चढल्या तेव्हा खडक थोडा हलला आणि आत मेनिका पुटपुटली, "पाय जपून, बाई."

पहिलं पद साधं होतं, मधल्या सुरांतलं. राणीसाहेबांचा आवाज आधी कापला, मग स्थिर झाला. दुसऱ्या पदात वरच्या दोन जागा होत्या. मेनिकाने दोनदा चिमटा काढला, ओर्सोला दोनदा गायली, आणि लोकांनी चक्क श्वास रोखले. राणीसाहेब तोंड उघडून हात असे पसरत होत्या, की खडकाच्या आत बसलेल्या मेनिकालाही क्षणभर तो आवाज त्यांचाच वाटला.

शेवटी आलं मोठं पद. नवरा बुडाला असं फिलान्द्रा समजते आणि आधी समुद्राशी हळू आवाजात बोलते. राणीसाहेबांनी ती ओळ म्हटली. खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी. 'तू येणार नसलास तरी मी रोज इथे येईन.' त्यांनी ती कुणासाठी म्हटली कोण जाणे, पण सगळं नाट्यगृह गप्प झालं. वाद्यं थांबली. आता एकटीने वर चढायचं होतं. त्यांचा हात वर गेला. मेनिकाने चिमटा काढला. ओर्सोलाने डोळे मिटले आणि सुरू केलं.

राणीसाहेबांचा हात वर जायच्या जरा आधीच पहिल्या रांगेतून एक टाळी ऐकू आली होती. महाराज टाळ्या वाजवत उठून उभे राहिले होते. लग्नाला बारा वर्षं झाली, त्या बारा वर्षांत महाराज बायकोकडे असे पाहत उभे राहिले नव्हते. राणीसाहेब सगळं विसरल्या. तान विसरल्या, खडक विसरल्या, आतल्या दोघी विसरल्या. त्यांनी हात खाली घेतला, तोंड मिटलं, आणि नवऱ्याकडे पाहून लाजत, गुडघे वाकवून, सावकाश अभिवादन केलं.

आवाज वर चढतच होता.

मेनिकाला भोकातून राणीसाहेबांचं मिटलेलं तोंड दिसलं आणि तिची बोबडी वळली. तिने मुलीला चिमटा काढला. चिमटा म्हणजे गा. ओर्सोला आणखी वर गेली. मेनिकाने घाबरून जोरात चिमटा काढला. ओर्सोलाला वाटलं, सभा रंगलीय, आईला आणखी हवंय. टाळ्या तर तिला ऐकू येतच होत्या. त्यांना बळी पडून तिने आपल्या आयुष्यातली सगळ्यात लांब गिरकी घेतली. महाराजांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला आणि वाटेत थांबला. राणीसाहेब वाकलेल्याच होत्या, कारण आता वर कसं बघायचं हे त्यांना कळत नव्हतं. हेर त्सॉबेल वाद्यावर डोकं टेकवून बसला. मधे शिरून थांबवावं तर त्या जागी वाद्यांसाठी काही लिहिलेलंच नव्हतं, आणि इतकी सुंदर गिरकी मोडायला त्याचं मन होईना.

गिरकी संपली. कुणी टाळी वाजवली नाही.

"आई," ओर्सोला आतून कुजबुजली, "काय झालं?"

"काही नाही," मेनिका म्हणाली. "आपण मेलो."

एशेनफेल्डच्या राजेसाहेबांची बायको आता चांगली जागी झाली होती. "खडक फार छान गातो," ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

तेवढ्यात बॅरन फोन ट्रॉटनाऊ उठला. त्याने आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. "प्रतिध्वनी," तो म्हणाला. "बेटावर प्रतिध्वनी असतोच. इटलीत सध्या हेच चालू आहे. काय कल्पना आहे, वा." आणि तो टाळ्या वाजवू लागला. मग सगळा दरबार वाजवू लागला.

"आमच्याकडचा प्रतिध्वनी," एशेनफेल्डचे राजेसाहेब म्हणाले, "कुणीतरी हाक मारेपर्यंत वाट बघतो."

"तो जुन्या पद्धतीचा असेल, राजेसाहेब," बॅरन अदबीने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई ओर्सोलाला न्यायला आला तेव्हा मेनिका बरोबर निघाली. किल्ल्यात घालायचंच असेल तर दोघींना एका खोलीत घाला असं सांगायचं तिने ठरवलं होतं. तिने ते वाक्य जर्मनमध्ये पाठही केलं होतं. पण शिपायाने त्यांना महाराजांच्या न्याहारीच्या दालनात नेलं. महाराज रागाने लाल होऊन येरझाऱ्या घालत होते. राणीसाहेब खिडकीशी बसून चॉकलेट पीत होत्या.

"एशेनफेल्डवाला काय म्हणाला ठाऊक आहे?" महाराजांनी ओर्सोलाला विचारलं. "निघताना गाडीत पाय ठेवून म्हणाला, तुमचा खडक केवढ्याला देता? त्याला तुम्ही हव्या आहात. तो आता माणूस पाठवणार, ज्यादा पगार देणार, आणि सगळ्या जर्मनीला ही गोष्ट सांगत फिरणार. मी तुम्हाला त्याच्याकडे जाऊ देणार नाही, समजलं?"

"महाराज, मला त्यांच्याकडे जायचंच नाही."

"सगळे आधी असंच म्हणतात."

राणीसाहेबांनी पेला खाली ठेवला. "बाई इथे राहिल्या, तर पुढच्या वेळी मी गायला उभी राहिले की सगळे खडकच शोधतील. झुडुपं असली तर झुडुपं. बाई एशेनफेल्डला गेल्या तर तो त्यांना रोज पाहुण्यांसमोर उभं करून कालची गोष्ट सांगेल. मला वाटतं त्यांना लांब कुठेतरी धाडावं. जिथे जर्मन कुणाला समजत नाही."

"म्हणजे कुठे?"

"तुरीन म्हणून एक गाव आहे म्हणतात," राणीसाहेब म्हणाल्या. "डोंगरापलीकडे."

महाराज थांबले. विचार करू लागले. "तिथे एशेनफेल्डवाला जाईल का?"

"त्याला घाट चढताना चक्कर येते. तुम्हीच तर सांगत होता."

महाराजांचा चेहरा खुलला. हुकूम आपणच सुचवला अशा थाटात त्यांनी तो दिला. गायिकेने आठवड्याच्या आत राज्य सोडावं, तेही थेट दक्षिणेकडे, आणि हद्दीपर्यंत दोन शिपाई बरोबर असावेत, म्हणजे वाट चुकून ती एशेनफेल्डला जाणार नाही. मेनिकाने पाठ केलेलं वाक्य तरीही म्हटलं, कारण मेहनत वाया घालवणं तिला आवडत नसे. महाराजांना ते मुळीच कळलं नाही.

राणीसाहेब ओर्सोलाला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या.

"मला माफ करा," ओर्सोला म्हणाली. "मी डोळे मिटले होते."

"मला एक सांगा. काल टाळी कधी पडली?"

"मी गाताना. मी ऐकली ना."

"नाही." राणीसाहेब मानेपर्यंत लाल झाल्या. "तुम्ही सुरुवात करायच्या आधी. माझा हात वर जायच्या आधी. खालच्या सुरातल्या त्या ओळीला पडली ती. मी रात्री त्यांना विचारलं. म्हणाले, त्या ओळीला घशात काहीतरी आलं. तुमच्या तानेचं विचारलं तर म्हणाले, ती लांब होती." त्या थोडा वेळ कठड्यावरून बोट फिरवत राहिल्या. "मला आता वरचे सूर नकोत. तुम्ही जा."

ओर्सोलाला क्षणभर वाईट वाटलं, की आपली गिरकी नुसती 'लांब' ठरली. मग तिला जाणवलं, ती ओळ आपणच शिकवली होती. रोज दहा वेळा म्हणून घेतली होती. जिना उतरताना ती हसत होती. खाली उभ्या मेनिकाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुरीनचा हंगाम नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला. तिथे लोक गाणं चालू असताना खायचे, पत्ते खेळायचे, एकमेकांच्या बायकांकडे दुर्बिणीतून बघायचे. पण आपल्या आवडीचं पद आलं की पत्ते खाली ठेवायचे. तिसऱ्या दिवशी ओर्सोलाचा एक सूर थकव्याने जरासा चढला आणि खालच्या गर्दीतून कुणीतरी लागलीच शिट्टी वाजवली. मेनिका पडद्यामागे बाह्या सरसावून उभी होती.

"कोण तो मेला? दाखव मला."

"राहू दे, आई," ओर्सोला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "बरोबर वाजवली त्याने. चढलाच होता."

"म्हणून काय झालं? सगळ्या गावासमोर?"

"त्याला कळलं, आई. पत्ते खेळता खेळता कळलं."

ती तिथे आठ हंगाम गायली. कधी फुलं मिळाली, कधी शिट्ट्या, एकदा संत्रंही फेकलं गेलं, पण ते दुसऱ्या गायिकेसाठी होतं. पुढे वरचे सूर जड जाऊ लागले तेव्हा कुणी सांगायच्या आधीच तिने भूमिका सोडल्या आणि शिकवायला घेतलं. शिष्यांना ती प्रथम वर चढू देत नसे. वर्षभर मधलेच सूर म्हणायला लावायची, त्यामुळे श्रीमंत घरच्या मुली कंटाळून निघून जायच्या.

एका वर्षी लिंडेनरोडाहून एक सनईवाला तुरीनला आला. रीतसर परवानगी घेऊन. तो ओर्सोलाकडे जेवायला आला तेव्हा मेनिकाने त्याच्यासमोर भरलेल्या पास्त्याचं ताट ठेवलं आणि सगळ्यांची खबर विचारली. हेर त्सॉबेल निवृत्त झाला होता. बॅरन होता तसाच होता आणि सगळं त्याला आवडत होतं. महाराजांनी नवी गायिका ठेवलीच नाही. एशेनफेल्डच्या राजेसाहेबांनी हौसेपोटी दोन गाणारे खडक बनवले होते, पण ते चालले नाहीत.

"आणि राणीसाहेब?" ओर्सोलाने विचारलं.

"संध्याकाळी गातात. आपल्या दालनात, चार माणसांसमोर. लहान लहान पदं, वर कुठे जात नाहीत. महाराज रोज येऊन बसतात."

"ऐकतात?"

सनईवाल्याने घास गिळला. प्रामाणिक माणूस होता. "कधी ऐकतात, कधी झोपतात. पण दिवसभर शिकार करून आले तरी येतात. चुकवत नाहीत."

"नवरा झोपायला का होईना, रोज येऊन बसतो," मेनिका म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं. "माझा तर जेवायलाही वेळेवर येत नसे. खा रे तू. तिकडे तुला काय मिळत असेल ते मला ठाऊक आहे."